ऑक्युपाय यूजीसी, २०१५: फेलोशिप वाचली, पण ८ हजारांचे ८ हजारच राहिले

७ ऑक्टोबर २०१५ ला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) मीटिंग झाली आणि तिच्यात ठरलं की एमफिल-पीएचडी करणाऱ्यांची नॉन-नेट फेलोशिप बंद करायची. दोनेक आठवड्यांनी बातमी पसरली तेव्हा कुठे पोरांना कळलं की आपल्या महिन्याच्या पैशांचा निकाल लागलाय. २१ ऑक्टोबरला जेएनयू, दिल्ली विद्यापीठ, जामिया अशा ठिकाणची पोरं-पोरी दिल्लीत आयटीओजवळ बहादूर शाह जफर मार्गावर यूजीसीच्या ऑफिसवर गेली आणि तिथेच बसली. रात्रीही तिथेच, पथाऱ्या टाकून. तेच पुढे ऑक्युपाय यूजीसी म्हणून ओळखलं गेलं.

या आंदोलनाबद्दल आजही कुणी म्हणतं जिंकलं, कुणी म्हणतं सगळं राजकारण होतं. मला हे प्रकरण नीट मांडायचंय कारण त्यात एक गोष्ट अशी आहे जी आपल्याकडच्या बार्टी-सारथी-महाज्योतीवाल्या पोरांनी (या राज्य सरकारच्या संस्था, अनुक्रमे अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि ओबीसी-भटक्या विद्यार्थ्यांना फेलोशिप देणाऱ्या) आधी बघायला हवी. निर्णय मागे घ्यायला लावणं आणि पैसे टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम दिल्लीत झालं आणि दुसरं राहून गेलं.

आधी फेलोशिप काय होती ते. केंद्रीय विद्यापीठात एमफिल नाहीतर पीएचडीला रीतसर अ‍ॅडमिशन मिळालंय, पण जेआरएफ (नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत वर आलेल्यांना मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप) नाही आणि दुसरी कुठली फेलोशिपही नाही, अशा विद्यार्थ्याला यूजीसी महिन्याला एमफिलसाठी ५ हजार आणि पीएचडीसाठी ८ हजार द्यायची. वर वर्षाला थोडी कंटिंजन्सी, म्हणजे पुस्तकं, झेरॉक्स, केमिकल, प्रवास वगैरेसाठी. बास, एवढंच. आणि नॉन-नेट म्हटलं की लोकांना वाटतं ही नेट नापास झालेली पोरं, तसं अजिबात नाही, नेट पास होऊन असिस्टंट प्रोफेसरशिपला पात्र झालेला पण जेआरएफच्या कटऑफला थोडक्यात हुकलेला विद्यार्थीसुद्धा यातच यायचा, कारण महिन्याचे पैसे फक्त जेआरएफवाल्याला मिळतात, नुसत्या नेटला काही नाही.

आता हा जेआरएफ कुणाला मिळतो ते बघा. नेटचा पेपर येतो इंग्रजी आणि हिंदीत (भाषेचे विषय सोडून). बीए-एमए मराठीतून केलेला, इतिहास किंवा राज्यशास्त्र मराठी पुस्तकांतून वाचलेला पोरगा तिथे बसतो तेव्हा त्याला विषय येत असतो पण प्रश्न समजून घेण्यात वेळ जातो. आपल्याकडे सेट, म्हणजे राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा, मराठीतून देता येते, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ती घेतं, पण सेट पास झालात तर प्राध्यापक व्हायला पात्र, फेलोशिप शून्य रुपये. त्यात जेआरएफला तेव्हा ओपनसाठी २८ वर्षांची वयोमर्यादा होती (२०१८ पासून ३० केली). ज्याने मध्ये दोन-तीन वर्षं घरासाठी नोकरी केली, किंवा जिचं लग्न झालं, बाळंतपण झालं आणि मग परत शिकायला आली, त्यांना राखीव गटात आणि मुलींना सवलत असली तरी ते वर्ष-दोन वर्षं फार महाग पडतात. थोडक्यात नॉन-नेट ही अशा बऱ्याच जणांसाठी उरलेली एकच वाट होती.

८ हजारांत दिल्लीत काय होतं? हॉस्टेल मिळालं असेल तर भागतं, मेसचं बिल, फोन, थोडी पुस्तकं, आणि काटकसर केली तर घरी चार पैसे पाठवता येतात. हॉस्टेल नसेल तर मुनिरका नाहीतर बेर सराय, दिल्ली विद्यापीठाचे असाल तर मुखर्जी नगर, विजय नगर, तिथे तिघांत एक खोली घेतली तरी अर्धी फेलोशिप घरमालकाला. मग फील्डवर्कला बिहारात किंवा बस्तरला जायचं तर ते पैसे कुठून आणायचे हा वेगळाच प्रश्न. तरीसुद्धा पोरं या ८ हजारांसाठी थंडीत रस्त्यावर झोपली आणि ते का हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. २५-२६ व्या वर्षी घरी फोन करून पैसे पाठवा म्हणायला लागत नाही, ही फार मोठी गोष्ट असते. खासकरून मुलींसाठी. घरून स्थळं बघायला सुरुवात झालेली असते, अजून किती वर्षं शिकणार हे रोज विचारलं जातं, अशा वेळी मला विद्यापीठ पैसे देतंय, तुमच्यावर माझा भार नाही, एवढं एक वाक्य बोलता येणं म्हणजे तीन-चार वर्षं विकत घेण्यासारखं आहे. ज्यांनी हे बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

यूजीसीचं म्हणणं होतं की ही फेलोशिप देताना सगळीकडे सारखी पद्धत नाही, निवड पारदर्शक नाही. ठीक आहे, असेलही कुठे गडबड. पण केंद्रीय विद्यापीठात पीएचडीला घेतात तेच मुळात एंट्रन्स आणि इंटरव्ह्यू घेऊन, तीच निवड आहे ना. नियम सारखे नसतील तर सारखे करा, यादी वेबसाइटवर टाका, कुणाला किती महिने दिले ते जाहीर करा. नळ गळतो म्हणून पाण्याचं कनेक्शनच तोडायचं याला सुधारणा म्हणत नाहीत. शिवाय जे आधीच अ‍ॅडमिशन घेऊन बसलेत आणि महिन्याच्या हिशोबात ती रक्कम धरून चाललेत त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

डाव्या संघटना पुढे होत्या हे खरंय, पण सुरुवातीला एबीव्हीपीनेही या निर्णयाला विरोध केला होता, हे आता सगळे विसरलेत. म्हणजे ज्या विद्यार्थी संघटना एकमेकांचं तोंड बघत नाहीत त्या या एका मुद्द्यावर एकाच बाजूला होत्या, आणि माझ्या मते सरकार इतक्या लवकर हललं त्याचं मोठं कारण हेच असावं. पोलिसांनी पहिल्या काही दिवसांतच पोरांना उचलून व्हॅनमध्ये घातलं, सोडल्यावर ती परत तिथेच येऊन बसली. २५ ऑक्टोबरला मनुष्यबळ विकास मंत्रालयाने (तेव्हा स्मृती इराणी मंत्री होत्या) जाहीर केलं की फेलोशिपचा आढावा घ्यायला समिती नेमतोय आणि तोवर मिळतंय ते मिळत राहील. समितीचे अध्यक्ष होते गौतम बरुआ, आयआयटी गुवाहाटीचे माजी संचालक.

इथे बऱ्याच लोकांना वाटलं की झालं, मिटलं, आता पोरांनी घरी जावं. पण समितीला जे काम दिलं होतं ते नीट वाचलं की पोरं का उठली नाहीत ते कळतं. त्यात दोन गोष्टी होत्या. राज्य विद्यापीठांमधल्या विद्यार्थ्यांनाही याचा लाभ देता येईल का हे बघायचं, आणि पात्रतेसाठी आर्थिक व इतर निकष ठरवायचे. पहिली चांगलीच होती, ती तर आंदोलनाचीच मागणी होती. घोळ दुसरीत होता. कारण आधी अ‍ॅडमिशन झालेल्या प्रत्येकाला मिळणारी गोष्ट आता निकषात बसणाऱ्यांनाच मिळणार, म्हणजे यादी लहान होणार, फक्त बंद केली असं म्हणायला लागणार नाही.

आणि उत्पन्नाचा निकष म्हणजे काय असतो हे महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला नको. सेतूमध्ये रांग, तलाठ्याचा अहवाल, तहसीलदाराची सही, तीन वर्षांचा दाखला, त्यात एखाद्या वर्षी बापाने ट्रॅक्टर घेतला किंवा भावाला नोकरी लागली की आकडा वर गेला. पण त्या भावाच्या पगारातला एक रुपयाही बहिणीच्या पीएचडीला येत नाही हे कुठल्या दाखल्यात लिहितात? ज्या घरात मुलीने संशोधन करू नये असंच सगळ्यांचं मत आहे, त्या घराचं उत्पन्न तिची आर्थिक परिस्थिती म्हणून कसं धरायचं? २७ वर्षांच्या संशोधकाला बापाच्या उत्पन्नाने मोजणं मला मुळातच चूक वाटतं, तो काम करतोय, पेपर लिहितोय, बऱ्याच ठिकाणी ज्युनियर वर्गांना शिकवतोय, पेपर तपासतोय. पैसे त्या कामाचे आहेत.

म्हणून धरणं चालू राहिलं. ५ नोव्हेंबरला शास्त्री भवनवर, म्हणजे मंत्रालयाच्या ऑफिसवर, मोर्चा गेला तेव्हा इराणी स्वतः बाहेर येऊन विद्यार्थ्यांशी बोलल्या, ते चांगलं केलं त्यांनी, नाकारायचं कारण नाही. पण पोरांना हवा होता तो कागद, की सगळ्यांना मिळेल, निकष लावणार नाही, रक्कम वाढेल, राज्य विद्यापीठांना लागू होईल. तो मिळाला नाही. ९ डिसेंबरला संसदेवर मोर्चा निघाला आणि त्यावर लाठीमार आणि पाण्याचा मारा झाला, डिसेंबरातल्या दिल्लीत, पोरं जखमी झाली.

याच दरम्यान आंदोलनात डब्ल्यूटीओचा (जागतिक व्यापार संघटना) मुद्दा जोरात आला. १५ ते १८ डिसेंबरला नैरोबीत डब्ल्यूटीओची मंत्री परिषद होती आणि उच्च शिक्षण व्यापाराच्या करारात घालू नका अशी मागणी होती. मुद्दा चुकीचा नव्हता. पण मला आजही वाटतं की त्यामुळे नजर हलली. ८ हजार बंद होणार हे कुणालाही एका वाक्यात कळतं, एखाद्या रिक्षावाल्याला सांगितलं तर तोही म्हणेल हे बरोबर नाही, पण गॅट्स करार (डब्ल्यूटीओचा सेवांच्या व्यापाराचा करार) समजावायला अर्धा तास लागतो आणि तेवढ्यात ऐकणारा निघून जातो. टीव्हीवाल्यांनाही मग हे नेहमीचंच घोषणा देणारे म्हणायला सोपं गेलं.

जानेवारीत सगळंच बदललं. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या रोहित वेमुलाने आत्महत्या केली. त्याची फेलोशिप नॉन-नेट नव्हती, जेआरएफ होती, महिन्याला २५ हजारांची, आणि तिची सात महिन्यांची रक्कम थकलेली होती. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलं की ते १ लाख ७५ हजार रुपये घरच्यांना मिळतील असं बघा. त्याच्या मृत्यूमागे निलंबन होतं, जातीचा सगळा छळ होता, ते प्रकरण फार मोठं आहे आणि मला ते फेलोशिपपुरतं लहान करायचं नाही. पण मरताना माणूस हिशोब लिहून जातो आणि त्या हिशोबात थकलेली फेलोशिप असते, हे वाचल्यावर जे लोक ही पोरं फुकटचे पैसे मागतात म्हणतात त्यांच्याशी बोलायची माझी इच्छाच संपते. दिल्लीत आयटीओला बसलेली पोरं मग या आंदोलनात गेली आणि नॉन-नेटचा प्रश्न मागे पडला.

फेलोशिप बंद झाली नाही. हे आंदोलनाचं यश आहे आणि ते खरं आहे.

आता आकडे बघा, कारण मुख्य गोष्ट इथेच आहे. नॉन-नेटचे ५ आणि ८ हजार २०१२ चे. तेव्हा जेआरएफ होता १६ हजार. म्हणजे पीएचडी करणाऱ्या नॉन-नेटवाल्याला जेआरएफच्या बरोबर निम्मे मिळायचे. डिसेंबर २०१४ पासून जेआरएफ २५ हजार झाला, नॉन-नेट ८ च, म्हणजे तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी. जानेवारी २०१९ पासून जेआरएफ ३१ हजार, नॉन-नेट ८, साधारण चौथा हिस्सा. जानेवारी २०२३ पासून ३७ हजार, नॉन-नेट तरी ८, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा. २०१२ चं निम्म्याचं प्रमाण नुसतं टिकवलं असतं तरी २०२३ मध्ये ही रक्कम साडेअठरा हजार व्हायला हवी होती.

दोघं एकाच विभागात, एकाच गाइडकडे, एकाच लॅबमध्ये, शेजारी शेजारी टेबल, एकाला ३७ आणि एकाला ८. जेआरएफवाल्याला महागाई कळते आणि नॉन-नेटवाल्याला कळत नाही असं तर नाही ना. मेसचा रेट वाढला, भाडं वाढलं, ट्रेनचं तिकीट वाढलं, ८ हजार तिथेच. मुद्दाम केलं की दुर्लक्षाने झालं याने विद्यार्थ्याच्या खिशाला फरक पडत नाही. २०१५ मध्ये सरळ बंद करायला गेले तर हजारो पोरं रस्त्यावर आली, न वाढवता तसंच ठेवलं तर तेवढ्या संख्येने कुणी आलं नाही, कारण त्यात अमुक तारखेला अमुक झालं असं दाखवायला काहीच नसतं. जेएनयूतली वगैरे पोरं रक्कम वाढवा म्हणून निवेदनं देत राहिली, मोर्चे काढत राहिली, पण आयटीओसारखी ताकद त्यात परत उभी राहिली नाही.

एमफिलचे ५ हजार तर प्रश्नासकट गेले, कारण यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी एमफिलच बंद झालं. आणि २०२४ पासून नेटचा स्कोअर पीएचडी प्रवेशासाठी धरायला लागले तेव्हा त्यात एक गट असा केला की जो फक्त पीएचडीला पात्र, जेआरएफ नाही. म्हणजे नेट देऊन पीएचडीला येणारे आणि तरी फेलोशिप नसणारे आता अजून वाढणार, आणि केंद्रीय विद्यापीठात त्यांना आधार काय तर तेच नॉन-नेट. तिकडे डिसेंबर २०२२ मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं लोकसभेत सांगितलं, कारण काय तर दुसऱ्या योजनांशी ओव्हरलॅप होतं. ती २००९ पासून चालू होती. यावेळी मंत्री परत स्मृती इराणीच, फक्त खातं वेगळं.

महाराष्ट्राचं काय? राज्य विद्यापीठांना लागू करा ही २०१५ ची मागणी जर खरी झाली असती तर सगळ्यात जास्त फायदा आपल्यासारख्या राज्याला होता. आपल्याकडे केंद्रीय विद्यापीठ म्हणजे वर्ध्याचं हिंदी विद्यापीठ, बाकी पुणे, मुंबई, नागपूर, संभाजीनगर, कोल्हापूर, नांदेड, जळगाव सगळी राज्याची. तिथे पीएचडी करणारी पोरं सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) तास घेतात, तेही मानधन महिनोन्‌महिने येत नाही, कुणी अकॅडमीत शिकवतं, कुणी गावाकडे शेती बघत बघत थिसिस लिहितं. ती मागणी बाजूला पडली आणि मग आपल्याकडे भार आला बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपवर.

तिथेही तेच नाटक थोड्या वेगळ्या रूपात झालं. बार्टीच्या २०२१ च्या बॅचला ८६१ विद्यार्थी पात्र आणि जागा २००. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोरं आझाद मैदानावर बसली, उन्हाळा लागला तरी बसून राहिली, आणि शेवटी ८६१ जणांना देण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला. पण तो त्या बॅचपुरता. पुढच्या बॅचला परत २०० ची मर्यादा लावली, सगळ्या संस्थांना समान धोरणाच्या नावाखाली. डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार म्हणाले, पीएचडी करून काय दिवे लावणार आहेत. त्याच महिन्यात २४ तारखेला फेलोशिपसाठी सीईटी घेतली तर पेपर २०१९ च्या सेटचाच निघाला, १० जानेवारी २०२४ ला परत घेतली तर प्रश्नपत्रिकांच्या संचांना सील नाही म्हणून मुलांनी बहिष्कार टाकला. ज्या पोरांनी आधीच पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) पास करून, आरआरसीपुढे (विद्यापीठाची संशोधन समिती) टॉपिक मांडून, रजिस्ट्रेशन करून वर्ष-दीड वर्ष घातलंय त्यांची परत परीक्षा घ्यायची आणि तीही अशी. यात जागा कमी करणं सोडून दुसरा हेतू मला तरी दिसत नाही.

दिल्लीचं प्रकरण आणि आपलं शेजारी ठेवलं की दिसतं की दोन्हीकडे पोरांनी जे मिळवलं ते एका वेळेचं होतं. तिकडे बंद करू नका एवढं मिळालं, इकडे या बॅचला द्या एवढं. मागणी लिहिताना घाई असते, घसा बसलेला असतो, पोलीस समोर असतात, शिष्टमंडळाला दहा मिनिटं भेटायला बोलवतात आणि बाहेर बसलेल्यांना संध्याकाळपर्यंत काहीतरी हातात द्यायचं असतं, त्यामुळे जे त्या दिवसाचं दुखणं तेच मागितलं जातं. मी यात पोरांना दोष देत नाही. पण आता मागणीपत्र कुणी लिहायला बसलं तर त्यात पहिल्या ओळीला रक्कम जेआरएफच्या अमुक टक्के असं यायला हवं, आकडा नकोच, टक्के हवेत, म्हणजे जेआरएफ वाढला की हे आपोआप वाढेल, वेगळा जीआर काढायला लागणार नाही. दुसरं, रजिस्ट्रेशनच्या तारखेपासून लागू, जाहिरातीच्या तारखेपासून नाही, कारण जाहिरात काढायला दोन वर्षं लावली की विद्यार्थ्याची दोन वर्षं गेली. आणि तिसरं, महिन्याच्या कुठल्या तारखेपर्यंत खात्यात पडणार ते लिहून, आणि उशीर झाला तर कुणी उत्तर द्यायचं त्या अधिकाऱ्याचं पद त्यात लिहून. सारथी आणि महाज्योतीच्या पोरांनाही हेच लागतं आणि वर्ध्याच्या नॉन-नेटवाल्यालाही, त्यामुळे हे मागणीपत्र सगळ्यांनी मिळून एकच लिहिलं तर जास्त बरं, नाहीतर समान धोरण म्हणून एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावाने कापायला मंत्रालयाला आयतीच सोय होते.